इश स्मिथ यांना, तेरा जर्सींसाठी

प्रिय इश स्मिथ,

सप्रेम नमस्कार.

उंची सहा फूट, तीन गुणांचा लांबचा शॉट बेताचा, २०१० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, कुणीच घेतलं नाही. तरीही एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमध्ये १४ मोसम! बुटक्या गार्डला, म्हणजे चेंडू पुढे नेऊन डाव रचणाऱ्याला, नेमकं काय शिकवायचं, हे तुमच्या खेळावरून दाखवता येतं. म्हणून आम्हा प्रशिक्षकांकडून मनापासून आभार.

तुमच्या तीनची धास्ती नसल्यामुळे बचावपटू स्क्रीनच्या, म्हणजे त्याची वाट अडवून उभ्या असलेल्या तुमच्या साथीदाराच्या, खालून, रिंगच्या बाजूने निघून जायचा. नवखा गार्ड इथेच फसतो. समोर मोकळं दिसलं की थांबून लांबूनच मारतो. तुम्ही त्याच मोकळ्या जागेत वेग घ्यायचात आणि फ्री थ्रो लाइनजवळ, १५ फुटांवर, दोन्ही पाय रोवून उडी मारायचात. बचावपटू खालूनच जात राहिला, तर स्क्रीन देणाऱ्याने दोन पावलं रिंगकडे सरकून पुन्हा उभं राहायचं. दुसऱ्यांदा त्याला खालून जायला जागाच उरत नाही.

तुमच्या थबकण्याबद्दल तर वेगळे आभार मानायला हवेत. छाती किंचित वर, नजर रिंगवर, चेंडू हातात क्षणभर जास्त. शॉट येणार असं वाटून समोरच्याचे गुडघे सरळ होतात. तेवढ्यात पुढचा ड्रिबल लांब आणि खालून! मुलं हे करताना तळवा चेंडूखाली नेतात, आणि कॅरीची, म्हणजे चेंडू हातावर उचलून नेल्याच्या चुकीची, शिट्टी वाजते. हात चेंडूच्या वरच हवा. थांबायचं ते खांद्यांनी आणि पायांनी.

२४ डिसेंबर २०१५ ला फिलाडेल्फियाने ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीचे दोन पिक (निवडीचे हक्क) देऊन तुम्हाला न्यू ऑर्लिन्सकडून परत आणलं, तेव्हा संघाने ३१ पैकी एकच सामना जिंकला होता. उरलेल्या ५१ मध्ये ९ जिंकले. आकडा लहानच, पण नर्लेन्स नोएलसारख्या रिंगकडे धावणाऱ्या उंच खेळाडूला चेंडू वेळेवर देणारं कुणीतरी आलं होतं. हा पास अर्धा सेकंद उशिरा गेला की त्याच्या गुडघ्यांवर आदळतो आणि लवकर गेला तर तो अजून वळलेलाच नसतो. मोसमाच्या मध्येच संघ बदलणाऱ्या गार्डने म्हणून प्लेबुकच्याही (संघाच्या ठरलेल्या डावांच्याही) आधी प्रत्येक उंच खेळाडूला विचारून घ्यावं: कोणत्या हाताला हवा, टप्पा पास की वरून?

२०२२ मध्ये डेन्व्हर हा तुमचा तेरावा संघ झाला. त्याआधीचा १२ संघांचा विक्रम जिम जॅक्सन, जो स्मिथ, टोनी मॅसेनबर्ग आणि चकी ब्राउन या चौघांच्या नावावर होता. पुढच्या जूनमध्ये अंतिम मालिकेत डेन्व्हरने मायामीला ४-१ हरवलं. तुमच्या वाट्याला मिनिटं थोडीच आली, तरी त्या विजेतेपदाचा आनंद आम्हाला घरचा वाटला. त्यानंतर तुम्ही पुन्हा शार्लटला, आपल्या जन्मगावच्या संघाकडून खेळलात, हे वाचून फार बरं वाटलं.

आपले ऋणी,
बुटक्या गार्डांचे प्रशिक्षक