ते गेले नाहीत, त्यांना नेलं

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला कॅनडाच्या उत्तर भागावरचा लेख वाचल्यापासून अस्वस्थ आहे. ‘क्षयरोगी एस्किमोंना सरकारने जहाजाने दक्षिणेत नेऊन उपचार दिले’, एवढ्या एका वाक्यात लेखकांनी विषय उरकला, तोही कौतुकाने.

सी. डी. हाऊ हे त्यातलं एक जहाज. १९५०च्या दशकात उन्हाळ्यात ते वस्त्यांवर यायचं. जहाजावरच छातीचा एक्स-रे निघायचा आणि फुप्फुसावर डाग दिसला की त्या माणसाला पुष्कळदा घरच्यांचा निरोप घ्यायलाही खाली उतरू देत नसत. आई जहाजावर, पोरं किनाऱ्यावर. १९५६च्या सुमारास दर सात इनुइटांमागे (लेखात ज्यांना ‘एस्किमो’ म्हटलंय, तेच हे लोक) एक जण दक्षिणेत उपचार घेत होता. कित्येक जण तिकडेच वारले, तिकडेच पुरले गेले, आणि घरच्यांना कोणी कळवलंही नाही.

माझी आई १९६१ साली क्षयाने चौदा महिने आरोग्यधामात होती. मी सात वर्षांचा. दर रविवारी बाबा आम्हा भावंडांना घेऊन जायचे. मुलांना आत सोडत नसत, म्हणून आम्ही खाली चिंचेपाशी उभे राहायचो आणि आई वरच्या व्हरांड्यातून हात करायची. तिची खाट २३ नंबरची. डबे अदलाबदल होऊ नयेत म्हणून बाबांनी तिच्या पितळी डब्यावर पांढऱ्या रंगाने २३ घातलं होतं. तो डबा आजही घरात आहे. आई कुठे आहे, हे आम्हाला एक दिवसही विचारावं लागलं नाही. म्हणूनच त्या किनाऱ्यावरच्या पोरांचं काय झालं असेल, हे मला कोणी समजावून सांगायला नको.

नंबर इनुइटांनाही होते, पण ते माणसांना. नावं सरकारी दप्तरात नीट बसेनात, म्हणून १९४१पासून प्रत्येकाला नंबराची गोल चकती दिली, गळ्यात बांधायला.

१९५३चा उल्लेखही असाच. ‘काही कुटुंबे ग्रिस फियर्ड व रेझोल्यूटला स्थलांतरित झाली.’ झाली कशी? इनुकजुआक या त्यांच्या गावाहून जवळजवळ दोन हजार किलोमीटर उत्तरेला, जिथे हिवाळ्यात महिनोन्‌महिने सूर्य उगवत नाही, तिथे त्यांना सरकारने नेऊन सोडलं. दोन वर्षांनी परत आणू, हा शब्दही पाळला नाही. या प्रकाराची सरकारने २०१० साली माफी मागितली. क्षयरोग्यांच्या हालांबद्दल पंतप्रधान ट्रूडोंनी ८ मार्च २०१९ रोजी उत्तरेतल्या इकालुइट या शहरात जाऊन मागितली. हरवलेल्या माणसांच्या कबरी घरचे लोक आजही शोधताहेत. ज्यांनी केलं त्यांनी कबूल केलं, आणि आपल्या पुरवणीत मात्र अजून ‘उपचार दिले’!

आणखी एक. त्या लोकांना ‘एस्किमो’ हे नाव नको आहे, ते स्वतःला इनुइट म्हणवतात. कालच्या शब्दकोड्यात पुन्हा तेच : ‘बर्फाच्या घरात राहणारे (३)’. कोडं रचणाऱ्यांना कृपया कळवावं. मी ती तीन घरं कोरी ठेवली आहेत.

– एक जुना वाचक, सातारा