मनूला घेऊन हंपीला

प्रिय अभय,

परवा फोनवर तू म्हणालास, "अर्णव चार-पाच वर्षांचा होऊ दे, मग बाहेर पडू. आत्ता नेऊन त्याला काय आठवणार?" तेवढ्यात इकडे मनू झोपेतून उठली आणि बोलणं अर्धवट राहिलं. पण ते मनातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमचं बंगळूरचं रोजचं तुला माहीत आहे. सकाळी मनूला पाळणाघरात सोडायचं, संध्याकाळी रिंग रोडच्या गर्दीतून मी घरी पोचेपर्यंत ती पेंगुळलेली असते. आठवडाभर माझ्या वाट्याला तिचं रात्रीचं जेवण आणि झोप, एवढंच येतं. दिवसभर ती काय उचलते, कशाला हसते, कशाला घाबरते, हे मला दुसऱ्यांकडून कळतं. आई मिरजेला, तिला नात दिसते ती व्हिडिओ कॉलवर. म्हणून नाताळच्या सुट्टीत आईला राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं इकडे बोलावलं आणि चौघंही हंपीला गेलो.

गाडीनं न जाता रेल्वे निवडली, आणि हे तूही कर. हंपी एक्सप्रेस बंगळूरहून रात्री सुटते, सकाळी होस्पेटला पोचते. मूल झोपेत असतानाच प्रवास उरकतो. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण वेगळा बर्थही मिळत नाही. म्हणून आईचं तिकीट वेगळं काढलं. ज्येष्ठ नागरिकांच्या कोट्यातून तिला खालचा बर्थ मिळाला आणि आजी-नात तिथंच झोपल्या. मनूची रोजची गोधडी सोबत होती. नव्या जागी तिला झोप लागायला वासाची ओळख पुरते, हे आईनं आधीच सांगितलं होतं. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, सुट्टीतल्या प्रवासाचं ते उघडतं त्याच दिवशी काढावं लागतं.

मुक्काम कमलापूरला केला. होस्पेट हंपीपासून बारा-तेरा किलोमीटर, कमलापूर अगदी जवळ, त्यामुळे दुपारी खोलीवर परतून मनूला तासभर झोपवता यायचं. सगळ्या दिवसाची आखणी त्या झोपेभोवती. सकाळी एक ठिकाण, ऊन उतरल्यावर दुसरं, बस्स. डिसेंबरातही दुपारी तिथला दगड चांगलाच तापतो. बाबागाडी नेऊच नकोस, त्या खडबडीत फरसबंदीवर ती चालत नाही. पाठीला बांधायची झोळी हवी. खाण्यासाठी छोटा विजेचा कुकर नेला होता. रोज एकदा खिमट, त्यावर मेतकूट आणि तूप. बाकी वेळी गरम इडली सगळीकडे मिळते. उकळून थर्मासमध्ये भरलेलं पाणी, ओआरएसची पाकिटं, आणि तिच्या डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिलेलं तापाचं औषध, एवढं हाताशी असलं की निम्मी काळजी संपते.

आता हंपीबद्दल. विरूपाक्ष मंदिरात सकाळी लक्ष्मी नावाची हत्तीण असते. तिनं सोंड आईच्या डोक्यावर ठेवली आणि मनूनं श्वास रोखून धरला. मग स्वतःचं डोकं पुढं केलं! (तिथं हातात केळी घेऊन फिरू नकोस, माकडं थेट अंगावर येतात.) त्याच मंदिरात मागच्या बाजूला एका अंधाऱ्या जागी भिंतीतल्या फटीतून उजेड येतो आणि समोरच्या भिंतीवर गोपुराची उलटी सावली पडते. आम्ही मोठे त्यामागचं प्रकाशाचं गणित एकमेकांना समजावत होतो, मनू ती सावली हातात धरायला बघत होती. आणि गजशाळा! ओळीनं अकरा घुमटांची दालनं, एकेकाळी राजाचे हत्ती बांधायची. आज रिकामी. मनूनं सकाळचा हत्ती तिथं शोधायला सुरुवात केली. दालनाशी जायचं, "हत्ती?" म्हणून ओरडायचं, घुमून आलेला आवाज ऐकायचा, पुढच्या दालनाकडे. मी तिच्या मागं. शेवटपर्यंत जाऊन ती पुन्हा पहिल्याकडे वळली. राणीचा महाल पाहायचा राहिला. राहू दे.

विठ्ठल मंदिर मात्र आईसाठी होतं. पन्नासच्या निळ्या नोटेमागं जो दगडी रथ आहे, तो तिथलाच, खरं तर ते गरुडाचं देऊळ. वाहनतळापासून देवळापर्यंत विजेवरची छोटी गाडी नेते, आईच्या गुडघ्यांना आणि मनूच्या पायांना तिची सारखीच गरज होती. हे मला फार जाणवलं. सावली, बसायला कट्टा, थोडंच चालणं, जवळ स्वच्छतागृह, हे दोघींनाही लागतं. आजी आणि नात एकाच चालीनं चालतात, घाई असते ती आपल्याला. देवळाच्या गाभाऱ्यात मूर्ती नाही. कृष्णदेवरायानं पंढरीचा विठ्ठल इथं आणला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास तो परत घेऊन गेले, अशी परंपरा. आईनं रिकाम्या गाभाऱ्याला हात जोडले आणि मनूला ती गोष्ट पहिल्यापासून सांगितली. राजा, देव, भानुदास, पंढरपूर. मनूला त्यातलं किती समजलं असेल? पण ती आजीच्या तोंडाकडे बघत शेवटपर्यंत बसून राहिली. आईला इतक्या आनंदात मी बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा पाहिलं.

तुंगभद्रेत हरिगोलातून, म्हणजे टोपलीसारख्या गोल होडीतून, फिरवतात. मनूच्या मापाचं लाइफ जॅकेट नव्हतं, म्हणून बसलो नाही. अशा बाबतीत अर्णवसाठीही हट्ट धरू नकोस.

अभय, अर्णवला यातलं काही आठवणार नाही, हे मान्य. पण तुला आठवेल. दीड वर्षाचा अर्णव पुढच्या वर्षी नसेल, तेव्हा दुसराच कुणी मुलगा तुझ्या घरात बोलत असेल. तोही गोड असेल, पण आत्ताचा हा मुलगा सबंध दिवस, उजेडात, तुझ्या डोळ्यांसमोर किती वेळा असतो? आणि काका-काकूंना तो अजून उचलून घेता येतो. चार वर्षांनी काकांना ते जमेल का, हे मी तुला विचारू नये, पण विचारतो.

म्हणून माझं ऐक. फेब्रुवारीत या. आधी बंगळूरला आमच्याकडे थोडे दिवस राहा, मग सगळे मिळून जाऊ. काका-काकूंचं तिकीट वेगळं काढ, दोघांना खालचे बर्थ मिळायची शक्यता जास्त. कुकर, झोळी आमच्याकडे आहे, तू फक्त त्याची गोधडी आण. तारखा या आठवड्यातच कळव, म्हणजे आईचं मिरजेहून तिकीट काढतो आणि कमलापूरच्या खोल्याही सांगून ठेवतो.

स्नेहाला आमची आठवण सांग. काका-काकूंना नमस्कार, अर्णवला पापा.

तुझा,
समीर