चि. बापूस, तुझ्या हाताबद्दल

अमळनेर

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद.

परवा व्हिडिओ कॉलवर तू सगळा वेळ उजवा हात खाली धरून बोललास, तेव्हाच मला शंका आली. फोन ठेवताना पट्टी दिसली. ‘ओव्हनच्या ट्रेचा चटका,’ एवढंच म्हणालास. केवढा, फोड आला का, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं का, काहीच नाही. आजी तेव्हापासून विचारतेय, “पोऱ्याना हात कसा शे?” किचनमध्ये चालत नाही म्हणून तू सप्तशृंगीचा धागा काढलास, त्याचंच हे, असं तिचं म्हणणं. मी तिला सांगितलं, धागा असता तर सूज आल्यावर मनगटात रुतला असता. तिला पटलं नाही.

हातावरून बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण ऐक. भाजलं की २० मिनिटं नळाच्या पाण्याखाली धरायचं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळदही नाही. फोड फोडायचा नाही. गरम ट्रे ओल्या फडक्याने उचलायचा नाही, ओल्यातून आच लगेच पोचते. कितीही घाई असो, कुणी कितीही ओरडो. हे सगळं तुम्हाला हॉटेल मॅनेजमेंटच्या पहिल्याच वर्षी शिकवलंय, आणि यातलं निम्मं तर तूच मला सांगितलंयस. राहू दे. आईने परत ऐकवलं म्हणून चिडू नकोस.

माझ्या हातांवरचे डाग तू लहानपणी बोटाने मोजायचास. आखाजीला मांड्यांच्या ऑर्डरी असल्या की मी पहाटेपासून चुलीपुढे. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि पालथ्या खापरावर टाकायचा. टाकताना मनगट जरा खाली गेलं की चटका बसलाच. तू पाटावर बसून आमरसाची वाटी धरून पहिल्या मांड्यासाठी आजोबांशी भांडायचास. तुझ्या पहिल्या सेमिस्टरच्या फीत त्या मांड्यांचे पैसे होते, म्हणून सांगते, आगीची मला ओळख आहे. तरी तुझा हात म्हटला की जीव राहत नाही.

मोठे पप्पा परवा सगळ्यांसमोर म्हणाले, “तीन वर्षं शिकून शेवटी आचारीच ना?” मी गप्प बसले नाही. म्हटलं, लग्नात पाचशे पानं वाढली जातात ती आचाऱ्याच्याच जिवावर. आणि बापू हॉटेल मॅनेजमेंटची जेईई देऊन दादरच्या संस्थेत लागलाय, १९५४ सालची संस्था आहे ती. दिवाळीत तू बोटांची टोकं आत वळवून गाजर चिरलंस, सगळे तुकडे एकसारखे, तेव्हा हेच मोठे पप्पा बघत उभे होते. आणि पाच ते साठ अंशांमध्ये अन्न लवकर बिघडतं, हे तू सांगितल्यापासून मी पुरण रात्रभर बाहेर ठेवत नाही. गिऱ्हाइकांनाही सांगते, मुलाने शिकवलं म्हणून.

पप्पांना वाटतं तू फ्रंट ऑफिस घ्यावंस. टाय, एसी, येणाऱ्या पाहुण्यांशी बोलणं. हॉटेलातल्या १७ आठवड्यांच्या ट्रेनिंगमध्ये ते मन लावून बघ. सर्व्हिस बघ, हाउसकीपिंगही बघ, चादर ताणून पलंग लावणं हलकं काम नाही. पण एका चटक्याला भिऊन किचन सोडू नकोस. कोमी, म्हणजे शेफच्या हाताखालचा नवशिका, म्हणून लागलास की तासन्तास भट्टीपुढे उभं राहावं लागेल, हात भाजतील, आणि मी दर वेळी अशीच घाबरेन, ते माझं मी बघते. पप्पांना मात्र हे बोलू नकोस.

जखम चिघळत नाही ना? रात्री ठणकते का?

मामा शनिवारी मुंबईला येतोय. त्याच्याबरोबर कळण्याचं पीठ, बिबडे आणि ठेचा देते. पट्टी सोडून त्याला हात दाखव, तो तिथूनच मला फोन करणार आहे. शिफ्ट किती वाजता सुटते ते त्याला आधी कळव, नाहीतर तो दुपारपासून हॉटेलच्या मागच्या गेटवर उभा राहील.

तुझी,
आई