कुलपातल्या ओव्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इंटरनेटच्या सुरुवातीच्या दिवसांवर लेख आला. मोडेमचा आवाज, सायबर कॅफेत तासावर मोजलेले पैसे, फ्लॉपीवरून नेलेला बायोडाटा, सगळे वाचताना बरे वाटले. एक वाक्य मात्र मनात रुतून बसले. ओपन सोर्स, म्हणजे आतला कोड (सॉफ्टवेअर ज्यावर चालते त्या लिहिलेल्या सूचना) उघडा ठेवलेले सॉफ्टवेअर, हा तेव्हा चार हौशी इंजिनिअरांचा छंद होता, सामान्य माणसाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, असे लेखकांनी म्हटले आहे. मी इंजिनिअर नाही. मिरजेत २६ वर्षे डीटीपीचे, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर टाइप करून पाने लावण्याचे काम करून आता घरी बसलेली बाई आहे. माझा संबंध कसा आला ते सांगते.

माझे वडील छापखान्यात जुळारी होते, शिशाचे खिळे जुळवून मजकूर उभा करणारे. खिळ्यांच्या केसमधले, म्हणजे खणांच्या पेटीतले, कुठले अक्षर कुठल्या घरात हे त्यांच्या बोटांना पाठ होते, आणि ती घरे एका छापखान्यातून दुसऱ्यात गेले तरी फारशी बदलत नसत. खिळे जुने झाले, झिजले, तरी ते मालकाचे असत. पुढे छापखान्यात कॉम्प्युटर आला आणि केस भंगारात गेल्या. मी पतसंस्थेचे कर्ज काढून स्वतःचे मशीन घेतले, सोबत मराठीचे सॉफ्टवेअर घेतले. त्याबरोबर एक डाँगल, म्हणजे किल्लीसारखा छोटा जोड मिळाला. कॉम्प्युटरला प्रिंटर जोडायच्या जागी, म्हणजे पोर्टला, ते लावले तरच मराठी टाइप होई, काढले की बंद. दर महिन्याचा हप्ता भरून घेतलेली वस्तू होती, म्हणून रात्री ते डाँगल मी कपाटात दागिन्यांशेजारी ठेवायची.

१९९९ मध्ये एक निवृत्त मास्तर ११ वह्या घेऊन आले. कृष्णा-वारणेच्या काठच्या गावांतून त्यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. बायकांच्या तोंडून ऐकून, पेन्सिलीने, गावाचे नाव आणि सांगणारीचे वय घालून. मी चार महिने ते काम केले. ओव्या १,१४० भरल्या. पैशांअभावी पुस्तक जेमतेम पाच फर्म्यांचे (छपाईच्या मोठ्या कागदांचे) निघाले आणि त्यात ३१२ आल्या. उरलेल्या माझ्या सीडीवर राहिल्या. २००५ च्या पुरात मास्तरांच्या घरात पाणी शिरले आणि वह्या गेल्या. तेव्हा मी त्यांना म्हटले, "मास्तर, काळजी करू नका, सीडी आहे ना माझ्याकडे."

सीडी होती. पण मधल्या काळात माझे जुने मशीन बंद पडले होते, आणि नव्या मशीनला ते पोर्टच नव्हते. सॉफ्टवेअर विकणाऱ्यांकडे विचारले तर जुन्या आवृत्तीचे काम आम्ही आता करत नाही, नवी घ्या म्हणाले. नवी घेण्याची माझी ऐपत नव्हती. फाइल तर उघडत होती, पण पडद्यावर दिसत होती इंग्रजी अक्षरे, कंस, टक्के, स्वल्पविराम यांची रांग. त्या रांगेत कुठेतरी ८२८ ओव्या होत्या.

हे असे का झाले, ते मला नंतर माझ्या भाच्याने नीट समजावले. त्या वेळच्या फाँटमध्ये २५६ घरे असत. मूळ ती इंग्रजी अक्षरांसाठी आणि चिन्हांसाठी. आपल्या लोकांनी त्या घरांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. एका कंपनीचा 'क' एका घरात, दुसरीचा दुसऱ्या घरात. कॉम्प्युटरला मराठी कळतच नव्हते, तो फक्त घरांचे क्रमांक लिहून ठेवत होता. क्रमांकांची यादी ज्याच्याकडे, त्याच्याकडे मजकुराची किल्ली. खरे तर भारतीय लिपींसाठी इस्की नावाचे प्रमाण १९८८ पासून होते, पुण्याच्या सीडॅक या सरकारी संगणक संस्थेने त्यावर मोठे काम केले, आणि १९९१ मध्ये निघालेल्या युनिकोड या जगभरच्या लिपींच्या प्रमाणाने देवनागरीची मांडणी त्याच इस्कीवरून घेतली. सर्वांना एकच घर, एकच क्रमांक. म्हणजे रस्ता तेव्हाही होता. बाजार मात्र दहा-पंधरा वर्षे दुसऱ्याच वाटेने चालला. पाने लावायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरला तर युनिकोड मराठी शेवटपर्यंत जमले नाही, आणि आमचे सगळे पोट पेजमेकरवर.

मी त्या कंपन्यांना वाईट म्हणत नाही. त्यांच्यामुळे माझी चूल पेटली, मुलींची शिक्षणे झाली, गावोगावच्या लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत सगळे मराठीत छापले गेले. सॉफ्टवेअरला पैसे मागितले यातही गैर काही नाही. माझे भांडण आहे ते कुलपाशी. यंत्र त्यांचे होते, पण मजकूर मास्तरांचा होता, आणि त्याआधी त्या दळणाऱ्या बायांचा.

फुकट आणि मुक्त यांत आपण गल्लत करतो आणि लेखातही ती झाली आहे. शिवाजी, शुषा असे फाँट तेव्हा फुकट मिळत. कितीतरी लोकांनी त्यांवर पत्रे लिहिली, लहानसहान वेबसाइट चालवल्या. त्यांचे उपकार आहेत. पण त्यांचीही घरे वेगळीच, म्हणून तो मजकूरही पुढे वाचता येईना. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याचा आतला कोड उघडा असतो, जो वाचता येतो, बदलता येतो आणि बदललेला पुढे देता येतो. ही कल्पना मांडणारे रिचर्ड स्टॉलमन यांची गोष्ट भाच्याने सांगितली तेव्हा मी चकितच झाले, कारण ती छपाईची गोष्ट निघाली. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत प्रिंटरमध्ये कागद अडकायचा. जुन्या प्रिंटरचा कोड त्यांच्या हाती होता, तेव्हा कागद अडकला की सगळ्यांना निरोप जाईल अशी सोय त्यांनी त्यात करून घेतली होती. नवा झेरॉक्सचा प्रिंटर आला, त्याचा कोड मागितला तर मिळाला नाही. १९८३ मध्ये त्यांनी मुक्त सॉफ्टवेअर उभे करण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्याच्या मुळाशी हा अनुभव होता. कागद अडकण्याचे दुःख मला कुणी वेगळे सांगायला नको.

आता माझ्या ओव्यांकडे येते. २००६ च्या सुमारास भाचा इंजिनिअरिंगला होता. उबुंटू या विंडोजऐवजी चालणाऱ्या मुक्त प्रणालीच्या सीडी तेव्हा मागितल्या की पोस्टाने घरपोच फुकट येत, तशी त्याने मागवली होती. त्या सीडीवरून मशीन चालू केल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा डाँगलशिवाय मराठी टाइप केले. त्यानेच फायरफॉक्स ब्राउझरला जोडायचे पद्मा नावाचे मुक्त साधन दाखवले. जुन्या फाँटमधली भारतीय भाषांची पाने त्यातून युनिकोडात दिसत. माझा फाँट त्याच्या यादीत नव्हता. मग त्याने कुणा अनोळखी माणसाने लिहून उघडा ठेवलेला, जुना मजकूर युनिकोडात बदलणारा एक कन्व्हर्टर शोधला. तो हिंदीसाठी होता.

त्यावर आम्ही दोघे उन्हाळ्याची सुट्टी बसलो. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडात ती नंतर हवी. रफार उलटा, तो आधी हवा. 'ग' म्हणजे अर्धा ग आणि काना असे दोन तुकडे, ते एकत्र करायचे. हे सगळे कन्व्हर्टर करत होता. पण त्याला 'ळ' नीट येत नव्हता आणि 'ऱ्य' तर अजिबात नाही. हिंदीला ती गरजच नाही. आमच्या ओव्यांत पंढरीच्या पायऱ्या, वाऱ्या, सुऱ्या पदोपदी. सगळीकडे रफार येऊन 'पायर्या' व्हायचे. कोड बंद असता तर इथेच सगळे संपले असते. तो उघडा होता, म्हणून भाच्याने त्यात 'ऱ्य', 'ऱ्ह' आणि 'ळ' यांच्या ओळी घातल्या, आणि दुरुस्ती मूळ लिहिणाऱ्याला पाठवली. दोन दिवसांनी त्याचे उत्तर आले, धन्यवाद, मराठीसाठी जोडून घेतले आहे. तो माणूस कुठल्या गावचा, मला ठाऊक नाही. त्याने मला एक पैसा मागितला नाही. माझ्या ८२८ ओव्यांपैकी ७९१ नीट बाहेर आल्या.

ज्यांना हा हौशी लोकांचा छंद वाटतो, त्यांनी हातातला फोन पाहावा. अँड्रॉइडवर, क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये जोडाक्षरे नीट जुळवून दाखवण्याचे काम हार्फबझ नावाचे मुक्त सॉफ्टवेअर करते. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे उघडे. माझे वडील जे बोटांनी करत, ते काम आता हे करते. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये भारतीय लिपींचे लोहित फाँट मुक्त केले. मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फाँट करणाऱ्या संस्थेने मुक्ता फाँट केला, तो कुणीही वापरू शकतो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला तेव्हा घरोघरच्या विंडोज ९८ वर तो धड दिसतही नव्हता. विंडोज एक्सपीवर मूळ सीडी घालून वेगळ्या फायली टाकाव्या लागत. तरी लोक लिहीत राहिले. 'ॲ' या अक्षराला युनिकोडात स्वतःचे घर २००८ मध्ये मिळाले. तोवर आपण 'अ' वर चंद्र देऊन चालवून घेत होतो, आणि कित्येक मशीनवर तो चंद्र ठिपक्यांच्या गोलावर बसलेला दिसे. हे सगळे कुणीतरी मागे लागून, भांडून, रात्री जागून केलेले आहे.

संपादक महोदय, आता तुमच्याकडे मागणे आहे. २००० च्या आसपास तुमच्या वेबसाइटवर 'आमचा फाँट डाउनलोड करा' अशी पाटी असे. मी तो उतरवून घेऊन अंक वाचत असे, दुबईच्या माझ्या नणंदेलाही तसेच करायला शिकवले होते. ते अंक आज कुठे आहेत? सर्व्हरवर पडून असतील तर कुठल्याही शोधात ते सापडत नाहीत, कारण शोधणाऱ्याला मराठी हवे आहे आणि आत घरांचे क्रमांक आहेत. ते युनिकोडात आणा. फाँटचा तक्ता, म्हणजे घरांच्या क्रमांकांची यादी, तुमच्याकडे असेल तर प्रसिद्ध करा, आमच्यासारखे लोक उरलेले काम करतील.

ज्या कंपन्यांनी जुने फाँट विकायचे थांबवले आहे त्यांनीही आपापले तक्ते खुले करावेत. त्यात आता त्यांचा धंदा बुडण्यासारखे काही नाही. आणि राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाच्या अनुदानातून जी पुस्तके निघतात, त्यांच्या मजकुराची युनिकोड फाइल मंडळाकडे जमा करण्याची अट असावी. १९५४ च्या कायद्याने प्रकाशक कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला छापील प्रत पाठवतात, तसेच हे. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाने सगळ्यांना शोधता येईल असा ठेवला आहे. त्या कोशातला शब्द मला चार सेकंदांत सापडतो, आणि १९९९ मध्ये मी स्वतः टाइप केलेली स्मरणिका सापडत नाही.

मास्तर २०११ मध्ये गेले. ७९१ ओव्यांची छापून बांधलेली प्रत त्यांच्या हातात पडली होती. उरलेल्या ३७ मध्ये फाइलच खराब आहे, ओळी अर्ध्या तुटल्या आहेत. हरिपूर, अंकली, म्हैसाळ या भागातल्या कुणा आजींना त्या येत असतील या आशेने मी तुटक्या ओळी वेगळ्या कागदावर लिहून काढल्या आहेत आणि या पत्रासोबत जोडत आहे. जागा असेल तर छापाव्यात.

आपली,
एक निवृत्त डीटीपी ऑपरेटर, मिरज