येळवशीला तुला का बोलावलं नाही

लातूर,
27 डिसेंबर 2025

प्रिय दत्ता,

येळवस, आपली वेळ अमावस्या, होऊन आठ दिवस झाले. इतक्या वर्षांत आमच्या शेतातल्या आखाड्यावरची आंबील तू कधी चुकवली नाहीस, ती या साली मी चुकवली. तुझा फोन आला तेव्हा "औंदा घरचीच माणसं आहेत" एवढंच बोललो. तू "बरं बरं" म्हणून फोन ठेवलास. ते "बरं बरं" अजून कानात आहे. फोनवर सांगायला गेलो तर माझा आवाज टिकणार नाही, म्हणून लिहायलोय.

आधी एक खोटं कबूल करतो. गेल्या येळवशीला तू विचारलंस, आदू कुठाय? मी म्हणालो, तापलाय. ताप नव्हता. तो घरी न्हाणीत हात धूत होता आणि त्याची आई दाराबाहेर बसून होती.

आदूला ओसीडी आहे. मराठीत याला मंत्रचळ म्हणतात. 2024 च्या जुलैत सोयाबीनवर फवारणी चालली होती, तेव्हा आखाड्यात त्याचा हात रिकाम्या पंपाला लागला. त्याच रात्री माझ्या आईचं पोट दुखलं. साधं अपचन होतं, सकाळी उठून तिनं भाकरी थापल्या. पण लेकराच्या डोक्यात पंप, हात आणि आजी यांची गाठ बसली ती बसलीच. आधी जेवणाअगोदर दोनदा हात धुवायचा, मग पाचदा, मग कोपरापर्यंत. आईला आधी कौतुक वाटलं. "किती सोवळं लेकरू माय," असं शेजारणींना सांगायची.

आमच्या गल्लीत नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात तू माझ्यासोबत टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभा होतास. तेव्हापासून मी वाया जाणारा तांब्यादेखील मोजतो. आणि इथं माझंच पोरगं अर्धी टाकी हातांवर ओतायलंय. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी टाकी कोरडी झाली आणि मी त्याला मारलं, दत्ता. दोन थोबाडीत दिल्या. तो रडला नाही. मारल्यावर माझा हात त्याच्या गालाला लागला म्हणून तो घाबरला आणि "पप्पा, तुमचा हात धुवा ना" म्हणत राहिला.

हाताची कातडी फाटून रक्त यायला लागलं, म्हणून कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. मलम मिळालं. नातेवाईक म्हणाले, बाहेरचं आहे. एका ठिकाणी जाऊन गंडा बांधून आणला, तर तो गंडाही धुवायला लागला. असे सात महिने गेले. त्या सात महिन्यांचं मला फार वाईट वाटतं.

फेब्रुवारीत मानसोपचाराच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी आम्हाला बाहेर बसवलं आणि त्याच्याशी एकट्याशी तासभर बोलल्या. मग आत बोलावून त्यालाच सांगायला लावलं. तो खाली बघत म्हणाला, "माझ्या हाताला औषध लागलंय. मी हात नाही धुतले तर आजी मरंल."

आम्ही समजत होतो की त्याला स्वच्छतेचं वेड लागलंय. "एवढं धुऊन काय गोरा होणार आहेस का" असंही मी त्याला बोललो होतो. आणि ते लेकरू रात्रंदिवस माझ्या आईला वाचवत होतं.

मॅडमनी सांगितलं की हे आमच्या वाढवण्यानं झालेलं नाही, आणि पंपानंही नाही. मेंदूची ठेवणच तशी असते, कधी घराण्यात असते. पंप नसता तर चळानं दुसरं काहीतरी धरलं असतं. नको तो विचार येतो, पोटात गोळा उठतो, हात धुतले की गोळा बसतो. बसला म्हणूनच पुढच्या वेळी धुणं आणखी गरजेचं वाटतं. मॅडम त्याला म्हणाल्या, या त्रास देणाऱ्याला तूच नाव दे. तो म्हणाला, "चिकटा." ज्वारीवर पडतो ना, तो.

आता जे लिहितो ते मला सगळ्यात जड गेलं. आदू दिवसभर विचारायचा, "पप्पा, आजीला काही होणार नाही ना?" एका रविवारी मी मोजलं. त्रेसष्ट वेळा. आणि त्रेसष्टही वेळा मी जवळ घेऊन सांगितलं, "नाही रे राजा, काही होत नाही." मॅडम म्हणाल्या, तुमचं हे उत्तर म्हणजे त्याचं हात धुणंच आहे, फक्त ते तुमच्या तोंडून होतंय. मी गप्प झालो. बाप म्हणून जे एकच नीट जमतंय असं वाटत होतं, त्यावरच चिकटा पोसला होता. त्याच्या आईचंही तेच. त्याचं ताट वेगळं, टॉवेल वेगळा, त्याच्यासाठी दाराची कडी तिनं उघडायची. त्याला त्रास नको म्हणून घरभर आम्ही चिकट्याचे नियम पाळत होतो.

उपचाराची रीत अशी. भीतीची शिडी करायची. सगळ्यात खालची पायरी म्हणजे दाराच्या कडीला हात लावून पाच मिनिटं न धुता बसणं. भीती शंभरापैकी किती, ते त्यानंच सांगायचं. ती चढते, आणि काहीच केलं नाही तर हळूहळू आपोआप उतरते. उतरते हे त्याच्या अंगाला कळावं लागतं, सांगून भागत नाही. 1966 साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं ही वाट दाखवली. त्यानं रुग्णाच्या खोलीतले नळ बंद करवले होते. हे ऐकून मी लगेच म्हणालो, मग टाकीला कुलूप घालतो. मॅडमनी थांबवलं. जबरदस्तीनं पाणी तोडून चालत नाही, पायरी त्यानं स्वतः निवडायची.

सोबत गोळी आहे, सर्ट्रालिन. 25 मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवली. पहिले काही दिवस पोट बिघडलं, झोप उडाली. गुण दिसायला दोन-अडीच महिने लागले. "मेंदूच्या गोळ्या" म्हणून भाऊकीत कुजबुज झाली, ती मी मनावर घेतली नाही. आजार किती आहे ते मोजायची एक प्रश्नावली असते. पहिल्यांदा 40 पैकी 29 आले होते, परवा 16.

आता येळवस. शिडीच्या वरच्या पायऱ्यांपैकी एक त्यानंच निवडली होती. ज्या खुंटीला पंप असायचा तिला हात लावायचा, आणि न धुता आजीला आंबील द्यायची. पंप तिथून काढून वर्ष झालं, खुंटी घासून पुसलेली. तरी त्याच्यासाठी ती तीच खुंटी होती. चार पाहुण्यांच्या देखत त्याची फजिती नको म्हणून मी कुणालाच बोलावलं नाही. तुलासुद्धा नाही.

कडब्याच्या कोपीत पूजा झाली, भज्जी-उंडे वाढले. आदू उठला, आखाड्यात गेला, खुंटीला पूर्ण तळवा लावला. बिंदग्यातून पेला भरला. हात एवढा थरथरत होता की निम्मी आंबील जमिनीवर सांडली. आईनं पेला घेतला आणि पिऊन टाकला. तो म्हणाला, "आजी, तुला काही..." आणि थांबला. आईनं माझ्याकडे बघितलं. मी नको म्हणून मान हलवली. महिनाभर तिला शिकवत होतो आणि दर वेळी ती "देवा, लेकराला एवढं तरी सांगू दे" म्हणून रडायची. त्या दिवशी ती म्हणाली, "काय माहीत बाबा. वाढ अजून जरा."

तो बांधावर जाऊन बसला. हात मांडीवर, बोटं फाकवून, कशालाच न लावता. मी शेजारी बसलो, बोललो काहीच नाही. पाऊण तासानं म्हणाला, "पप्पा, नव्वद होतं. आता चाळीस." मग हरभऱ्याचा डहाळा उपटून खायला लागला. त्याच हातानं, दत्ता.

रात्री घरी आल्यावर सहा वेळा हात धुतले. एका दिवसात फिटणारं हे नाही.

तू मास्तर आहेस. तुझ्या वर्गात एखादं लेकरू वही खोडून खोडून फाडत असेल, लघवीला जाऊन तास-तास येत नसेल, तर मारायच्या आधी आदूला आठव. आईबापांना 14416 हा टेलिमानसचा नंबर दे. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. आम्हाला तो फार उशिरा कळला.

आणि पुढच्या महिन्यात वहिनींना घेऊन हुरड्याला ये. आदूला विचारलं, दत्ताकाकाला सगळं सांगू का? "सांगा," म्हणाला. हुरडा तोच चोळून देणार आहे, तुझ्या हातावर. देताना तो विचारेल, "काका, तुम्हाला काही होणार नाही ना?" तुझा जीव तुटेल, मला माहीत आहे. तरी "नाही रे" म्हणू नकोस. "माहीत नाही" म्हण, आणि खा.

तुझा,
बाळू