घाम येऊ न देणाऱ्या वाटाड्याला

नमस्कार,

तुमचं नाव इथे घेत नाही. नाव छापलेलं तुम्हाला आवडणार नाही, एवढं आता ओळखतो. मराठीही तुम्हाला येत नाही, पण कुणाकडून तरी वाचून घ्यालच.

नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं लाँगइयरब्येन गाव 78 अंश उत्तरेला आहे. तिथून बर्फावरच्या मोहिमेला निघताना आम्ही सगळे थंडीला घाबरलो होतो. तुम्ही घाबरत होतात ते आमच्या घामाला. चढ दिसला की तो सुरू होण्याआधीच तुमची हाक यायची, "जॅकेट काढा." मागे ओढायची जड स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, समोर बोचरा वारा, आणि हा माणूस कपडे उतरवायला लावतोय! पहिल्या दिवशी तर तुमचा रागच आला. पण पाण्यातून उष्णता हवेपेक्षा साधारण 25 पट वेगाने निघून जाते, आणि ओला बनियन घालून थांबलं की शरीर कसं गार पडत जातं, हे तुम्हाला पुरतं ठाऊक होतं. उणे 20 अंशांत ताशी 40 किलोमीटरचा वारा असला, की उघड्या कातडीला ती थंडी उणे 34 इतकी लागते. तुम्ही दर थांब्याला आम्हाला एकमेकांचे चेहरे तपासायला लावायचात. नाकावर, गालावर हिमदंशाचा पांढरा डाग उमटला तर तो ज्याचा त्याला कळत नाही, समोरच्याला दिसतो. माझ्या गालावरचा डाग तुम्ही पाहिलात आणि हातमोजा काढून स्वतःचा उबदार तळवा त्यावर धरून ठेवलात. चोळला नाहीत. गाल शाबूत आहे, धन्यवाद.

शरीराचं तरी सांगता येतं. मनाचं जास्त अवघड होतं. व्हाइटआउटमध्ये आकाश आणि बर्फ एकच होतात, सावली नाही, क्षितिज नाही. पाय पुढे पडतोय की आपण जागीच आहोत हेही कळेना, पोटात ढवळायला लागलं. त्यात एप्रिलच्या उत्तरार्धात तिथे सूर्य मावळतच नाही. दिवस संपल्याचा दिलासासुद्धा मिळत नाही. खरं सांगतो, आपल्याला धीर देणारं भाषण कुणीतरी करावं असं मला तेव्हा वाटत होतं. तुम्ही ते केलं नाहीत. फक्त होकायंत्र माझ्या हाती दिलंत आणि म्हणालात, "पुढच्या थांब्यापर्यंत तू पुढे चाल." मग सुईकडे बघण्यात डोकं इतकं गुंतलं, की रडायला सवड उरली नाही. माझ्यानंतर दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. ज्याचा चेहरा पडलेला दिसायचा त्याचाच नंबर लागायचा, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

संध्याकाळी तंबूत शिरल्यावर आमचे हात काम करायचे बंद. बर्फ वितळवून पाणी करायचं म्हणजे स्टोव्हपाशी किती वेळ बसावं लागतं! त्यानंतर अस्वलं येताहेत का यावर रात्रभर पहारा. पाळ्या सगळ्यांनाच होत्या, पण पहाटेची, सगळ्यात वाईट पाळी तुम्ही रोज न बोलता स्वतःकडे घेतलीत. बंदूक होती, अस्वलाला पळवायचे फ्लेअर, म्हणजे प्रकाशबाण, होते, आणि एकही अस्वल दिसलं नाही. त्याबद्दल अस्वलांचेही आभार.

पुढच्या वसंतात माझ्या ओळखीचे दोघे तुमच्या तुकडीत येताहेत. त्यांना बजावून ठेवलंय: जॅकेट काढा म्हटलं की वाद घालू नका, आणि पहाटेची पाळी स्वतःहून मागून घ्या.

तुमचा,
स्लेजच्या रांगेतला शेवटचा