शेतकऱ्याची ठासणीची बंदूक आणि नागरिकांची सेना: गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय: निवडणुकीच्या काळात शेतसंरक्षणाच्या बंदुका सरसकट जमा करून घेणे थांबवण्याबाबत, तसेच गावोगावी तरुणांना शस्त्रे देण्याची मागणी मान्य न करण्याबाबत.

महोदय,

सिंधुदुर्गातल्या डोंगरकाठच्या एका गावात माझी भातशेती आणि काजूची बाग आहे. घरात वडिलांच्या काळापासून शेतसंरक्षणाचा परवाना आहे आणि त्यावर एकच ठासणीची बंदूक. मंत्रालयात बसून ‘बंदूक’ म्हटले की डोळ्यांसमोर जे येते ते ही नव्हे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, त्यावर काथ्याचा बोळा घालून गजाने ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा गज. शेवटी मागे केप, म्हणजे दारू पेटवणारी छोटी टोपी, बसवायची आणि घोडा ओढायचा. एवढे सव्यापसव्य करून एक बार. दुसरा भरेपर्यंत वानरांची टोळी शेजाऱ्याच्या बागेत पोचलेली असते. पावसात दारू सर्दावली तर घोडा नुसताच पडतो. आणि निघालेला बारही बहुतेक वेळा आभाळातच काढायचा, कारण रानडुकराला मारायचे तर वनखात्याची परवानगी लागते आणि गव्याच्या तर वाटेलाच जाता येत नाही. आवाज करून जनावर हुसकावणे, एवढेच तिचे काम.

आता 2024 साल आठवा. लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली आणि 6 जूनला उठली. हा काजूचा आणि आंब्याचा हंगाम. विधानसभेची लागली 15 ऑक्टोबरला, निकाल 23 नोव्हेंबरला. हा भातकापणीचा हंगाम. ज्या दोन हंगामांसाठी सरकारने परवाना दिला, नेमक्या त्याच दोन हंगामांत बंदूक पोलीस ठाण्यात. आमच्या मतदारसंघाचे मतदान 7 मेलाच उरकले होते, पण निकाल लागेपर्यंत बंदुकीने आत बसायचे. परत मिळाली तेव्हा नळीला चिठ्ठी सुतळीने बांधलेली होती आणि केप बसते तिथे गंज धरला होता. तिथल्या हवालदारांना मी बोल लावणार नाही. गावोगावच्या बंदुका एका खोलीत कोपऱ्याला उभ्या केल्यावर त्यांना तेलपाणी कोण करणार?

‘आयोगाचा आदेश आहे, आमच्या हातात काही नाही,’ हे उत्तर आम्हाला पाठ आहे. पण निवडणूक आयोगाच्याच सूचना म्हणतात की जिल्हास्तरीय छाननी समितीने परवानाधारक तपासावेत; जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, निवडणुकीच्या दंगलीत पूर्वी नाव आलेले, अशांची शस्त्रे जमा करावीत. उच्च न्यायालयांनीही सरसकट आदेशांबद्दल प्रशासनाचे कान उपटले आहेत. तरी दर वेळी एकच साचेबंद नोटीस येते. सत्तरीच्या माणसाने खांद्यावर बंदूक टाकून एसटीने तालुक्याला जायचे, का, तर तो मतदान केंद्र लुटेल!

शस्त्र अधिनियम 1959 चे कलम 13 एकदा मागवून वाचावे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला, अपात्रतेचे कारण नसेल तर, परवाना दिला पाहिजे, असा त्याचा रोख आहे. कलम 14 तर सांगते की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येणार नाही. 1959 च्या संसदेला गरीब शेतकऱ्याची आठवण होती. आज प्रांत-तहसीलच्या चकरा मारणाऱ्याला विचारा, तो इंग्रज व्हाईसरॉय लिटनच्या 1878 च्या शस्त्र कायद्यात राहतो असेच वाटेल. त्या कायद्यात गोऱ्यांना सूट होती आणि नेटिव्ह माणूस मुळातच संशयित होता.

इथवर वाचून माझ्याच बाजूचे काही उत्साही लोक टाळ्या वाजवतील आणि पुढचे वाक्य जोडतील: म्हणजे बंदूक हा मूलभूत हक्कच हवा, अमेरिकेसारखा. या मंडळींपासून मी दोन हात लांब उभा आहे.

आपल्याकडे हा वाद होऊन गेला आहे. 1931 च्या कराची काँग्रेसच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. डिसेंबर 1948 मध्ये ह. वि. कामत यांनी घटना समितीत तो हक्क मसुद्यात घालण्याची दुरुस्ती मांडली आणि कराचीच्या ठरावाची आठवण दिली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. कोणीही बाजारात जाऊन हवे ते हत्यार विकत घेऊ लागला तर राज्यकारभार चालणार कसा, असा त्यांचा सवाल होता. पण त्याच भाषणात ते पुढे म्हणाले की शस्त्र धरण्याच्या हक्कापेक्षा शस्त्र धरण्याचे कर्तव्य महत्त्वाचे. युद्ध किंवा बंडाळीच्या वेळी राज्याला प्रत्येक नागरिकाला हाक मारता आली पाहिजे. आज राज्यघटनेच्या अनुच्छेद 23 मध्ये सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावण्याची जी मुभा आहे, ती त्यातलीच.

शस्त्र बाळगण्याचा हक्क देणाऱ्या अमेरिकी राज्यघटनेच्या 1791 च्या दुसऱ्या दुरुस्तीतही सुरुवात ‘सुनियंत्रित’ नागरी सेनेपासून होते. पण 2008 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हेलर खटल्यात सांगितले की हा हक्क व्यक्तीचा आहे, त्या सेनेत असण्याशी त्याचा संबंध नाही. कवायत, हजेरी आणि हुकूम पाळणे मागे पडले, बंदूक तेवढी उरली. स्वित्झर्लंडमध्ये शिपाई रायफल घरी नेतो, पण त्याआधी त्याला सक्तीची लष्करी सेवा असते.

मग महाराष्ट्रात नागरिकांची सेना कुठे आहे? ती आपल्याच खात्यात आहे, साहेब. डिसेंबर 1946 मध्ये, दंगलींच्या दिवसांत, मुंबईत होमगार्ड उभे राहिले आणि 1947 मध्ये त्यांचा कायदा झाला. आपापला कामधंदा सांभाळून गणपतीच्या बंदोबस्ताला आणि मतदान केंद्रावर उभे राहणारे हे लोक. हातात काठी, मानधन कधी येईल ते देव जाणे. प्रशिक्षण, वर्दी, वरिष्ठ, चूक केली तर जाब विचारणारा, हे सगळे त्यांच्यापाशी आहे. पण कुठे काही घडले की ‘घराघरात बंदूक द्या’ म्हणणाऱ्या पुढाऱ्यांना ते दिसत नाहीत.

छत्तीसगडने 2005 नंतर नक्षलवाद्यांविरुद्ध तो प्रयोग करून पाहिला. सलवा जुडूमच्या नावाने, महिना 3,000 रुपयांवर, धड शिक्षण नसलेल्या आदिवासी पोरांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून बंदुका दिल्या. गावे ओस पडली. 5 जुलै 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवून शस्त्रे परत घ्यायला लावली. गडचिरोली लागूनच आहे. आपण त्या वाटेने गेलो नाही, याचे श्रेय महाराष्ट्राला द्यायला हवे. जम्मूच्या डोंगरातली गोष्ट निराळी. तिथे अतिरेकी खरोखर दारात येतात आणि 1995 पासूनच्या ग्राम संरक्षण समित्यांना, म्हणजे 2022 पासूनच्या ग्राम संरक्षण गटांना, निदान पोलिसांचा आधार आहे. आसाम मंत्रिमंडळाने मे 2025 मध्ये मात्र ‘संवेदनशील’ भागांतल्या मूळ रहिवाशांना परवाने देण्याचे ठरवले, म्हणजे कोण कुठला यावर बंदूक ठरणार. असे काही इथे कोणी सुचवले तर कृपा करून फाईल तिथेच थांबवा. बंदूक जमात बघून द्यायची नसते, पीक आणि माणसाची वर्तणूक बघून द्यायची असते.

आमचे मागणे फार मोठे नाही. शेतसंरक्षणाच्या परवानाधारकाचे नाव छाननी समितीने स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय त्याला जमा करण्याची नोटीस जाऊ नये. जमा करायचीच तर गावच्या पोलीस पाटलांसमोर पंचनामा करून, बंदुकीची स्थिती पावतीवर लिहून घ्यावी, आणि निकालानंतर आठवड्याच्या आत ती हातात पडावी. जिल्हाधिकाऱ्यांना तसे परिपत्रक आताच काढा. एकदा आचारसंहिता लागली की कोणताही साहेब कशावरही सही करत नाही.

आपला,
सिंधुदुर्गातील एक परवानाधारक शेतकरी